घाटातले युनिट

[दृश्य: कळंबोलीचा लोखंड बाजार, पहाट. कॉइल चढवलेले ट्रेलर.]

कळंबोलीतून पुण्याकडे निघालेला हा ट्रेलर. गाडी आणि माल मिळून वजन चाळीस टन धरू. गाडी डिझेलची असली की मालक आधी एकच विचारतो: अ‍ॅव्हरेज किती देते? गाडी विजेवर आली तरी हा प्रश्न सुटत नाही. लिटरऐवजी युनिट मोजायचे, एवढंच.

सप्टेंबर 2025 मध्ये न्हावाशेवा बंदरात विजेवरचे अवजड ट्रक आले, सोबत बॅटरी बदलून देणारं स्टेशनही आलं. बंदर ते गोदाम या फेऱ्यांना ते पुरतं. सोलापूर, हैदराबादचं भाडं घ्यायचं तर किलोमीटरमागे काय खर्च होतं ते बघावं लागतं. बॅटरी वाढवत गेलं की तिचंच वजन वाहावं लागतं. तीनशे युनिटची बॅटरी दोन टनांच्या आसपास भरते आणि तेवढा माल कमी बसतो.

[दृश्य: चालक लोखंडी रॉडने टायर ठोकतो.]

सपाट रस्त्यावर ताशी साठच्या वेगाने अशी गाडी किलोमीटरला साधारण एक युनिट खाते. त्यातला निम्म्याहून जास्त खर्च टायरचा. रबर रस्त्यावर दबतं, सुटतं, तापतं आणि वीज तिथे जिरते. जोडचाकातल्या आतल्या टायरची हवा बाहेरून दिसत नाही. चालक रॉड मारून आवाज ऐकतात. बसलेला टायर त्या आवाजात कळतो, पण थोडी उतरलेली हवा कळत नाही. तिथे गेजच लावायला हवा, रोज.

बाकीचा खर्च वाऱ्याचा. साठवरून ऐंशीवर गेलात की वाऱ्याचा विरोध सुमारे पावणेदोन पट होतो. केबिन आणि कंटेनरमधली मोकळी जागा, फडफडणारी ताडपत्री, सगळं त्यात भर घालतं.

[दृश्य: खोपोलीच्या पुढचा चढ.]

आणि मग घाट. खोपोलीपासून वर साधारण पाचशे मीटरची चढण. चाळीस टन तेवढं उचलायलाच जवळपास पंचावन्न युनिट लागतात. मोटर आणि गिअरमधली गळती धरली तर साठ. सपाटीवर एवढ्यात गाडी साठ किलोमीटर गेली असती.

उतरताना डिझेलची गाडी ही सगळी कमाई ब्रेक तापवण्यात घालवते. विजेच्या ट्रकची मोटर उतारावर जनरेटर होते, गाडीला धरून ठेवते आणि बॅटरीत वीज परत भरते. टायर, वारा आणि गळती वजा जाता पस्तीस-चाळीस युनिट हाती लागू शकतात. दूरच्या पल्ल्यात याहून मोठी बचत मला तरी दिसत नाही, आणि ती चालकाच्या पायात आहे.

डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायची सवय अनेकांना आहे. ती डिझेलच्या गाडीतही जिवावर बेतते. विजेच्या गाडीत शिवाय परत येणारी वीजही जाते. दुसरी गोष्ट चार्जिंगची. पुण्याहून येताना लोणावळ्यात बॅटरी शंभर टक्के भरून घाट उतरायला घेतला, तर परत येणारी वीज ठेवायला जागाच उरत नाही. मग सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. चार्जिंग खाली, घाट उतरल्यावर करावं.

[दृश्य: बंदराबाहेरची रांग, दुपार.]

एसीवर मात्र काटकसर नको. ऑक्टोबर 2025 पासून नव्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. तासाला तो एक-दोन युनिट घेतो. घाटाच्या हिशेबात हे काहीच नाही, आणि थकलेल्या चालकाकडून घाट नीट उतरला जात नाही.

म्हणून ट्रिपशीटवर एक रकाना वाढवा: घाटात परत आलेले युनिट. आकडा गाडीच्या पडद्यावर दिसतो, तो लिहून घ्या. आणि त्या बचतीतला वाटा चालकाच्या भत्त्यात द्या.