परतीच्या वाटेवरचा धूमकेतू

९ डिसेंबर २०२३ रोजी हॅलेचा धूमकेतू आपल्या कक्षेच्या सर्वांत दूरच्या टोकाला, म्हणजे अपसूर्य बिंदूला पोहोचला आणि तेथून सूर्याकडे वळला. त्या वेळी तो नेपच्यूनच्या कक्षेपलीकडे, सुमारे सव्वापाच अब्ज किलोमीटरवर होता आणि सेकंदाला एक किलोमीटरहूनही कमी वेगाने सरकत होता. जुलै २०६१ मध्ये तो सूर्याजवळून जाईल, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ५४ किलोमीटर असेल.

हा फरक का पडतो, ते नीट समजून घेऊ. ग्रहाप्रमाणेच हा धूमकेतूही लंबवर्तुळात फिरतो आणि सूर्य त्याच्या मध्यावर नसून एका नाभीत, म्हणजे लांब अक्षावर मध्यापासून बाजूला असलेल्या ठरावीक बिंदूत असतो. मात्र पृथ्वीची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहे, तर याची विलक्षण लांबट. केप्लरच्या दुसऱ्या नियमानुसार सूर्यापासून धूमकेतूपर्यंतची रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते. दूरच्या टोकाशी ही रेषा जवळच्या टोकाच्या साठपट लांब असते, म्हणून तेथे वेग साठपट कमी. साहजिकच ७६ वर्षांच्या फेरीतील बहुतेक काळ तो अंधारातच असतो. ज्याला आपल्याकडे शेंडेनक्षत्र म्हणत आणि ज्याच्या अवचित येण्याची धास्ती घेत, त्याचे ते अवचितपण या हिशेबातून आलेले आहे.

इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅले यांनी १५३१, १६०७ आणि १६८२ या वर्षांच्या धूमकेतूंच्या कक्षा ताडून पाहिल्या आणि हा एकच धूमकेतू असल्याचे १७०५ मध्ये मांडले. अडचण एवढीच होती की दोन फेऱ्यांमधील काळ सारखा नव्हता, त्यांत वर्षाहून अधिक तफावत होती. तिचे कारण त्यांनी गुरूच्या आकर्षणात शोधले, आणि मला त्यांची खरी थोरवी येथे दिसते. पुढे अलेक्सी क्लेरो, जेरोम लालांद आणि निकोल-रेन लपोत या फ्रेंच अभ्यासकांनी कित्येक महिने खपून ही ओढ आकड्यांत उतरवली. गुरूमुळे ५१८ आणि शनीमुळे १०० दिवसांचा उशीर होऊन धूमकेतू एप्रिल १७५९ च्या मध्यास सूर्याजवळ येईल, महिनाभर इकडेतिकडे होऊ शकेल, असे त्यांचे उत्तर होते. लपोतबाईंचे श्रम क्लेरो यांनी पुढे आपल्या ग्रंथात नोंदवले नाहीत, याची खंत वाटते. लालांद यांनी मात्र ते मोकळेपणाने मान्य केले.

धूमकेतू १३ मार्च १७५९ रोजी सूर्याजवळ आला. युरेनस आणि नेपच्यून तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हते. आज त्यांचीही ओढ हिशेबात धरतात, शिवाय आणखी एक गोष्ट: सूर्याच्या उष्णतेने बर्फाची वाफ होऊन उसळणारे झोत धूमकेतूलाच उलट ढकलतात आणि त्यामुळे हॅलेच्या धूमकेतूला दर फेरीत सुमारे चार दिवसांचा उशीर होतो.