समान संधीचा बोर्ड आणि दुसऱ्या मजल्यावरचा पेपर

नमस्कार मंडळी. आज एक पेपर सोडवूया. माझा नाही, दादाचा.

एस.वाय.ला असताना मी रायटर म्हणून बसले होते. ज्यांना दिसत नाही किंवा हाताने लिहिता येत नाही, ते सांगतील ते कागदावर उतरवणारा तो रायटर. दादा टी.वाय.ला, विषय अर्थशास्त्र, जन्मापासून दृष्टी नाही. आम्हाला दिलेली खोली दुसऱ्या मजल्यावर. खोली कसली, खेळाचं सामान ठेवायची जागा. भिंतीला टेकवलेले कॅरमबोर्ड, कोपऱ्यात क्रिकेटचे पॅड, मध्ये एक बाक. जिना चढताना दादाने माझं कोपर धरलं आणि म्हणाला, "बावीस पायऱ्या, मध्ये एक वळण." तीन वर्षांत पाठ झाल्या होत्या त्याला.

तिसरा प्रश्न: 'खालील आलेखाचे निरीक्षण करून उत्तरे लिहा.' मी वाचलं आणि थांबले. मग त्याच्या तळहातावर बोटाने आलेख काढायला लागले. ही उभी रेघ, ही आडवी, आणि ही वरून खाली येतेय. तेवढ्यात सुपरवायझर मॅडम धावत आल्या. "रायटरने उत्तर सांगायचं नाही हं!" मॅडमवर मी आजही चिडत नाही. असा प्रश्न आला तर काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दादा म्हणाला, "सोड. पुढचा घे." आठ मार्क तिथेच गेले.

पेपर अकरा ते दोन. दोन वाजून पाच मिनिटांनी शिपाईमामा दारात, हातात किल्ल्यांचा जुडगा. मी म्हटलं, मामा, आम्हाला अजून एक तास आहे. मामा म्हणाले, "असं कुठं लिहिलंय?"

लिहिलंय ना. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे: अशा परीक्षार्थींना दर तासामागे किमान २० मिनिटं जादा. तीन तासांचा पेपर, म्हणजे तासभर. कागद दिल्लीत निघाला, विद्यापीठात आला, प्राचार्यांच्या टेबलावरही आला असेल. मामांपर्यंत आला नाही. आणि खोलीची किल्ली मामांकडे असते!

त्याच कॉलेजच्या पोर्चमध्ये 'समान संधी केंद्र' असा पितळी बोर्ड होता. पॉलिश केलेला. उद्घाटनाचा फोटो वार्षिक अंकात.

म्हणून मी समतेचं भाषण ऐकलं की आधी वेळापत्रक बघते. खोली कुठे, किती वाजता, किल्ली कुणाकडे. हे माझं डोकं नाही, फार जुनी गोष्ट आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं पहिलं कॉलेज. तिथे वर्ग सकाळी भरायचे. का? कारण मुंबईत शिकायची इच्छा असलेला गरीब मुलगा दिवसा कुठेतरी कारकून होता, नाहीतर गिरणीत होता. दहा वाजता कॉलेज भरलं असतं, तर प्रवेश सगळ्यांना खुला असूनही तो आत आलाच नसता. दार उघडं आणि वेळ चुकीची, तर ते दार बंदच की! सकाळी तास करायचे, मग ट्राम पकडून कामावर.

पुढे १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, त्यांनी उभं केलेलं कॉलेज म्हणजे मिलिंद. मराठवाड्यात तेव्हा कॉलेजं बोटावर मोजण्याइतकी. याच मिलिंदमध्ये अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेला मुलगा शिकला, सुखदेव थोरात. पुढे तेच विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले.

आणि त्यांच्याच समितीने २००७ साली दिल्लीच्या एम्समधल्या जातिभेदाचा अहवाल दिला. एम्स म्हणजे देशातलं सगळ्यात कठीण प्रवेशाचं मेडिकल कॉलेज. तिथे वसतिगृहात काय चाललं होतं? त्रासाला कंटाळून दलित-आदिवासी मुलं आपापल्या खोल्या सोडून ठरावीक मजल्यांवर एकत्र राहायला गेली होती. कुठल्या कागदावर 'इकडे तुम्ही, तिकडे आम्ही' असं लिहिलेलं नव्हतं. तरी मजले वाटले गेले होतेच.

आयोगाची २०१२ ची समतेची नियमावली वाचाच तुम्ही, आणि सरकारी भाषा म्हणून कंटाळू नका. तिच्यात अगदी वर्गातल्या गोष्टी आहेत. वर्गात विद्यार्थ्याची जात जाहीर करायची नाही. 'रिझर्व्हेशनवाला' असा शिक्का मारायचा नाही. मेस, कॅन्टीन, लायब्ररी, मैदान इथे वेगळी वागणूक नाही. प्रत्येक संस्थेत समान संधी केंद्र हवं, भेदभावविरोधी अधिकारी हवा, आणि तक्रारीचा निकाल ६० दिवसांत.

आता आपल्याकडचा पहिला दिवस आठवा. "नाव सांग. पूर्ण नाव. आडनाव? गाव कुठलं?" सर सहज विचारतात, मनात काही नसतं असं आपण धरून चालू. पण आडनाव ऐकून मागच्या बाकावर कुणाची मान किती वळली, हे ज्याचं आडनाव आहे त्याला बरोबर कळतं. मी स्वतः कधी ते मोजलं नाही. मला मोजायची वेळ आली नाही, एवढंच.

ही नियमावली २०१२ ची. २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने आत्महत्या केली. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवीनेही जीव संपवला; ती जळगावची, आदिवासी तडवी समाजातली, स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. दोन्हीकडे जातीवरून छळाचा आरोप होता. मग त्यांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात गेल्या. म्हणणं साधं होतं: नियम आहेत, ते पाळले जाताहेत का ते बघा. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवी नियमावली आणली. त्यावर कोर्टात आणि रस्त्यावर वाद झाला, आणि महिना संपायच्या आत सुप्रीम कोर्टाने तिला स्थगिती देऊन २०१२ चीच चालू ठेवायला सांगितली. त्या वादावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल, इथे घुसवत नाही.

कमेंटमध्ये एक वाक्य येणार, ते आधीच घेते. "सगळ्यांनाच सवलती द्या मग!" बरं, विकास कुमार नावाच्या उमेदवाराचं प्रकरण बघा. लिहायला लागलं की हात आखडतो, असा आजार. परीक्षेला रायटर मागितला, तर उत्तर मिळालं की तुम्ही नियमातल्या दिव्यांगांच्या व्याख्येत बसत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं, ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही म्हणून रायटर नाकारता येणार नाही. परीक्षा अर्थशास्त्राची असेल तर अर्थशास्त्र तपासा, बोटं कशाला तपासताय? हे शेवटचं वाक्य माझं, कोर्टाचं नाही!

मुलींचंही थोडक्यात. आपल्या राज्यात २०२४-२५ पासून वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिक दुर्बल, मराठा (एसईबीसी) आणि ओबीसी गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. चांगलं झालं, मनापासून. आता प्रॅक्टिकल सहाला संपतं आणि गावची शेवटची एसटी साडेपाचला सुटते, त्याचं बघा.

तुम्ही कॉलेजात असाल तर आज एक काम करा. वेबसाइटवर भेदभावविरोधी अधिकाऱ्याचं नाव शोधा. सापडलं, तर तिथे दिलेल्या मोबाइल नंबरवर फोन लागतो का बघा. नाही सापडलं, तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच महत्त्वाची.

आणि दादाचं. त्या दिवशी दोन वीसला पेपर घेतला आमचा. पुढच्या सेमिस्टरला मी त्या सूचनांची झेरॉक्स घेऊन गेले, २० मिनिटांच्या ओळीखाली पेनाने रेघ मारून. मामांना दिली. त्यांनी चष्मा लावला, उभ्या उभ्या पूर्ण पान वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. मग खालून एक खुर्ची आणली, दाराबाहेर टाकली आणि तीन वाजेपर्यंत बसून राहिले. मध्ये कुणीतरी आवाज दिला तर म्हणाले, "पेपर चालू आहे."

खोली मात्र तीच होती. बावीस पायऱ्या, मध्ये एक वळण.