दाव्याच्या पोटातला दावा

श्रोतेहो, नमस्कार.

वकिलाने अपिलाची मुदत घालवली किंवा धडधडीत चुकीचा सल्ला दिला, तर त्याच्याकडून नुकसानभरपाई मागता येते का? येते. पण वकील चुकला एवढं दाखवून भागत नाही. तो चुकला नसता तर मूळ दावा आपण जिंकलो असतो, हेही सिद्ध करावं लागतं. दाव्याच्या पोटात दावा म्हणा ना! एवढं एक ध्यानात ठेवा, आणि आता अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला टॉगस्टॅड खटला ऐका.

ऑगस्ट 1971. टॉगस्टॅड नावाच्या एका गृहस्थांचं डोकं भयंकर दुखायला लागलं. तपासणीत कळलं की मेंदूला रक्त नेणाऱ्या डाव्या धमनीला फुगा आलाय. डॉक्टरांनी गळ्यातल्या धमनीवर एक क्लॅम्प, म्हणजे चिमटा, बसवला. तो काही दिवसांत थोडा थोडा आवळत न्यायचा, आणि काही बिघडलंच तर तात्काळ सैल करायचा. 29 ऑगस्टच्या पहाटे नर्सने पाहिलं, तर पेशंटला बोलता येईना, हलता येईना. क्लॅम्प तेव्हा निम्मा आवळलेला होता. निवासी डॉक्टर आले, पण त्यांनी क्लॅम्पला हात लावला नाही. मुख्य डॉक्टर येऊन तो उघडेपर्यंत तासभर गेला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही गेलं.

ऑक्टोबर 1972 मध्ये त्यांची पत्नी एका वकिलाला भेटली. ओळखीच्या माणसाने भेट ठरवून दिली होती आणि तो सोबतही होता. पाऊण ते एक तास बोलणं झालं. तिच्या सांगण्याप्रमाणे वकील म्हणाले, मला काही केस दिसत नाही, तरी भागीदाराशी बोलतो; मत बदललं तर फोन करीन. कागदावर काही नाही, फी नाही, हॉस्पिटलचे कागद मागवले नाहीत. फोन आला नाही, तेव्हा बाई धरून चालल्या की केस नाही. दुसऱ्या वकिलाकडे त्या गेल्या वर्षभराने. तिथे डॉक्टरवर दावा लावायची मुदत होती दोन वर्षं. ती उलटून गेली होती!

मग दावा झाला तो वकिलावर. वकिलांचं म्हणणं, मी केस घेतलीच नव्हती. आमच्या फर्मला यात रस नाही एवढंच बोललो, आणि दुसऱ्या वकिलाला लवकर विचारा असंही सांगितलं. ज्युरीने बाईंवर विश्वास ठेवला. साक्षीला आलेल्या वकिलांनी सांगितलं की अशा प्रकरणात मत देण्याआधी निदान हॉस्पिटलचे कागद बघायचे, जाणकार डॉक्टरला विचारायचं, आणि मुदतीची कल्पना द्यायची. पण तेवढ्याने झालं नाही. त्याच कोर्टात क्लॅम्पचं सगळं प्रकरणही चालवावं लागलं, कारण डॉक्टरची चूक सिद्ध झाल्याशिवाय वकिलाच्या चुकीने काय बुडालं ते कसं ठरणार? ज्युरीने पतीला 6,10,500 डॉलर आणि पत्नीला 39,000 डॉलर दिले. वकील म्हणाले, निदान माझी फी झाली असती तेवढी तरी वजा करा. तेही कोर्टाने मानलं नाही. 1980 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हाच निकाल कायम केला.

यावरून आठवलं, लग्नाच्या पंगतीत वकिलाला गाठून सातबारा समोर धरणाऱ्यांनी आणि जिलबी खाता खाता ठाम मत देणाऱ्या वकिलांनी, दोघांनीही जरा दमाने घ्यावं. टॉगस्टॅडमध्ये फी घेतली नव्हती, तरी सल्ला अंगाशी आलाच.

तर कोर्टाने पाहिल्या त्या गोष्टी चार. वकील आणि पक्षकार हे नातं होतं का? वकिलाने हलगर्जी केली का? नुकसान त्यामुळेच झालं का? आणि हलगर्जी झाली नसती तर मूळ दावा यशस्वी झाला असता का? बहुतेक दावे आपटतात ते चौथ्यावर. मुळात हरणारीच केस असेल, तर वकिलाने ती कितीही बिघडवो, हाती काही लागत नाही. आणि दोन बऱ्या मार्गांपैकी विचारपूर्वक एक निवडला नि तो फसला, याला हलगर्जी म्हणत नाहीत.

आता आपल्याकडचं. सर्वोच्च न्यायालयाच्या 14 मे 2024 च्या निकालापासून वकिलाच्या सेवेतल्या कमतरतेसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. दिवाणी दावा मात्र लावता येतो. केवळ वकील आहे म्हणून हलगर्जीच्या जबाबदारीतून सूट नाही, हे 1926 च्या वकील फी कायद्यातच लिहिलंय. वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार केलीत, तर समज मिळेल, सनद काही काळ निलंबित होईल, फार तर रद्द होईल. पण तुमची भरपाई तिथे मिळत नाही. शिवाय नुसती हलगर्जी, त्यात लबाडी नसेल तर, गैरवर्तन ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलंय.

वकिलाच्या गैरहजेरीत निकाल लागला असेल, तर आधी उशीर माफीचा अर्ज देऊन मूळ प्रकरणच परत उघडायची धडपड करा. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, असं सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये म्हटलंय. पण कोर्ट हेही विचारतं, की तुम्ही इतके दिवस काय करत होतात?

म्हणून आपल्या केसचा सोळा अक्षरी ओळख क्रमांक, म्हणजे सीएनआर नंबर, टिपून ठेवा, कोर्टांच्या ई-कोर्ट्स या वेबसाइटवर तारीख स्वतः बघा, आणि शंका आली तर नकलेचा अर्ज देऊन रोजनाम्याची, म्हणजे कोर्टातल्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीची, प्रत काढा. कोण कधी हजर होतं ते त्यात दिसतं. वकील बदलायचा असेल आणि जुने वकील फी बाकी म्हणून फाईल अडवत असतील, तर तसा हक्क त्यांना नाही; फीसाठी त्यांनी वेगळी वसुली करावी. फाईल लेखी मागा, पोच घ्या.