पाइपांच्या गावातली किटली

मंडळी, नमस्कार. जपानी चहा म्हटलं की लोकांना झेन, ध्यान, मन:शांती असं काहीतरी ऐकायला मिळेल असं वाटतं, तर आधीच सांगते, आज त्यातलं फारसं काही नाहीये. मी बोलणारे एका किटलीबद्दल. क्यूसू म्हणतात तिला, ग्रीन टी करायची मातीची छोटी किटली, जिची दांडी मागे नसते, बाजूला असते. आणि बोलणारे ती जिथे बनते त्या तोकोनामे गावाबद्दल. माझं म्हणणं एवढंच आहे की ही किटली मठातून नाही, भट्ट्यांच्या आणि कारखान्यांच्या गावातून आलीय आणि तिचं कौतुक करायचं तर त्याच नजरेने करायला हवं.

तोकोनामे म्हणजे आइची प्रांतात, नागोयाच्या दक्षिणेला, चिता द्वीपकल्पावर समुद्राकाठी. आज विमानाने नागोयाला जाणारी माणसं खरं तर तोकोनामेलाच उतरतात, कारण तिथल्या समुद्रात भराव टाकून बेट केलं आणि २००५ मध्ये त्यावर विमानतळ सुरू झाला. पण गाव जुनं, बाराव्या शतकापासून इथे भट्ट्या पेटतायत. जपानमध्ये सहा प्राचीन भट्ट्यांची गावं मानतात, तोकोनामे, सेतो, एचिझेन, शिगाराकी, तांबा आणि बिझेन. यातलं बिझेन ओकायामा प्रांतात येतं, म्हणजे ज्या ओकायामाच्या मैत्रीखातर आपल्या पुण्यात सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यान उभं राहिलं तेच, पण ते जाऊ दे.

तर तोकोनामेत आधी काय बनायचं? मोठमोठे रांजण. ते जहाजातून देशभर जायचे. आणि पुढे मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, गावाला खरा पैसा दिला तो सांडपाण्याच्या पाइपांनी. योकोहामात परदेशी लोकांची वस्ती वाढली, गटारं बांधायची होती, त्यासाठी पक्के, एकसारख्या मापाचे, एकमेकांत नीट बसणारे मातीचे पाइप हवे होते, आणि ते तोकोनामेच्या कोइए होजू नावाच्या माणसाने बनवून दाखवले. आजही गावात दोकानझाका म्हणून एक चढ आहे, तिथे एका बाजूची भिंत जुन्या पाइपांची आणि दुसऱ्या बाजूची दारूच्या मातीच्या बरण्यांची, टुरिस्ट लोक फोटो काढतात. जवळच १८८७ ची चढती भट्टी आहे, उतारावर पायरीपायरीने चढत गेलेली, मागे दहा धुरांडी, १९७४ पर्यंत चालू होती. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलसाठी फ्रँक लॉईड राइट या अमेरिकन वास्तुविशारदाला ज्या पिवळसर विटा हव्या होत्या त्यासुद्धा याच गावात भाजल्या. टाइल, वॉशबेसिन, कमोड, सगळं इथे बनलं.

आणि आता गंमत बघा. हाच पाइपवाला कोइए होजू, याने १८७८ मध्ये चिनी कारागीर बोलावला, जिन शिहेंग नावाचा, जपानीत त्याला किन शिको म्हणतात. कशासाठी, तर चीनमधल्या यीशिंगच्या लाल-जांभळ्या मातीच्या किटल्या कशा करतात ते गावातल्या लोकांना शिकवायला. म्हणजे गटाराचे पाइप आणि चहाची किटली, दोन्हीमागे माणूस एकच! मला हे फार आवडतं.

अर्थात त्याच्या आधीही किटल्या बनत होत्या. १८५४ मध्ये सुगिए जुमोन या कुंभाराने लाल मातीची, तिला शुदेई म्हणतात, किटली जमवली होती. पण जिन शिहेंगने हात दाखवला. यीशिंगची पद्धत अशी की माती ठोकून पातळ पत्रा करायचा आणि तो वळवून भांडं बांधायचं, चाक नाही. तोकोनामेवाल्यांनी ते बघितलं, शिकले, आणि पुन्हा आपल्या चाकावर जाऊन बसले. नजर घेतली, पद्धत ठेवली स्वतःची. आज तोकोनामेची हाताने केलेली क्यूसू चाकावरचीच असते.

पण मुळात किटलीची गरज का पडली? जपानमध्ये बडे लोक चहा प्यायचे तो पूड करून, माचा, वाडग्यात घुसळून, त्याला किटली लागतच नाही. सामान्य माणूस जाडीभरडी पानं उकळून प्यायचा. सुटी पानं आणि गरम पाणी हा प्रकार चीनमधून आला, १६५४ ला इंगेन नावाचा भिक्षू नागासाकीला उतरला त्याच्या पंथाबरोबर तो रुजला. त्याच पंथातला पुढचा एक भिक्षू, बाइसाओ, मठ सोडून क्योतोत रस्त्याकाठी चहा विकायला बसला, म्हातारपणी, आणि १७५५ मध्ये धंदा बंद करताना आपली चहाची भांडी त्याने स्वतः जाळून टाकली, मागे कोणी देव्हाऱ्यात ठेवू नयेत म्हणून. (आता लोक त्याचाच देव्हारा करतात, तो भाग वेगळा.) आणि १७३८ मध्ये, म्हणजे बाइसाओ चहा विकत होता तेव्हाच, उजीजवळच्या खेड्यातल्या नागातानी सोएनने पानं वाफवून, हाताने मळून, वाळवायची रीत पक्की केली. हिरवी, सुईसारखी पानं, हिरवा चहा. सेन्चा म्हणतात तो हाच. या पानाला उकळायचं नाही, भिजवायचं, आणि वेळेवर पाण्यातून बाहेर काढायचं. इथे क्यूसूचं काम सुरू होतं.

कारण बघा, सेन्चात मिनिटभर उशीर म्हणजे चहा कडू. म्हणून किटली छोटी, दोनशे-तीनशे मिलीची, आणि ती झटकन पूर्ण रिकामी झाली पाहिजे. बाजूची दांडी त्यासाठीच कामाची. मुठीत दांडी धरायची, अंगठा झाकणावर, मनगट फिरवलं की किटली वाकली, दुसरा हात लागत नाही. दांडी तोटीला काटकोनात असते, खरं तर काटकोनाला किंचित कमी, म्हणजे ओतताना कोपर वर उचलावं लागत नाही. झाकणाला छोटं भोक असतं, ते बोटाने दाबलं तर धार थांबते, कारण हवा आत जात नाही. दुकानात चांगल्या किटलीत पाणी भरून हे करून दाखवतात.

आता बनते कशी. भांडं एक दिसतं पण भाग पाच, पोट, झाकण, तोटी, दांडी आणि आतली जाळी. पहिले चार वेगवेगळे चाकावर काढतात. मग ते अर्धवट सुकू द्यायचे, इतपत की बोटाचा ठसा उमटेल पण आकार मोडणार नाही, आणि मग जोडायचे. सगळ्या भागांचा ओलावा सारखा पाहिजे, दांडी जास्त सुकली आणि पोट ओलं राहिलं तर जोडावर चीर पडणार, आज नाही तर भट्टीत. मी स्वतः चाकावर बसते, त्यामुळे सांगते, वाटी, फुलदाणी काढणं वेगळं आणि हे वेगळं, इथे पाच ठिकाणी चुकायची सोय आहे. तोटीचं टोक तर नुसतं कापायचं असतं, पण तो काप किती तिरपा आणि कड किती धारदार यावर ठरतं की शेवटचा थेंब तुटून पडेल की तोटीखालून ओघळत टेबलावर येईल.

जाळी म्हणजे मातीची पातळ वाटी, तोटीच्या तोंडामागे आतून चिकटवलेली, आणि तिला एकेक करून भोकं पाडलेली, शंभर, दोनशे, काही लोक त्याहून जास्त. हे सगळं किटलीच्या आत, बाहेरून कोणाला दिसत नाही. भोकं मोठी तर पानं पेल्यात, बारीक तर भाजताना बुजतात.

आणि झाकण. झाकणाबद्दल मला तासभर बोलता येईल. माती सुकताना आणि भाजताना आकसते, सगळीकडे सारखी आकसेलच असं नाही, म्हणून पोट आणि झाकण एकाच मातीचं, आणि भाजतानासुद्धा बरेचदा झाकण लावूनच. बाहेर आल्यावर कड आणि झाकण यांच्यामध्ये बारीक भुकटी आणि पाणी घालून एकमेकांवर घासतात, फिरवत फिरवत, दोन्ही एकमेकांच्या मापाची होईपर्यंत. म्हणून एका किटलीचं झाकण दुसरीला बसत नाही. फुटलं तर फुटलं. आपण मडकं घेताना टिचकी मारून आवाज ऐकतो ना, तसं क्यूसू घेताना झाकण बसवून हळूच फिरवायचं, खडखड करत असेल, डुगडुगत असेल तर ठेवून द्यायची.

रंगाचं थोडक्यात सांगते. मातीत लोह असतं, भट्टीत भरपूर हवा मिळाली की लाल, हवा कोंडली की काळपट. काही लोक भाताच्या तुसात ठेवून पुन्हा भाजतात, त्याने गडद काळा येतो. समुद्री गवत गुंडाळून भाजायची एक जुनी रीत आहे, गवत जळून जातं आणि त्यातल्या मिठाने अंगावर रेषा उमटतात. तोकोनामेच्या शुदेईला बहुतेकदा ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, नसतो, वापरून वापरून हाताच्या घासण्याने चकाकी येते. शेजारच्या मिए प्रांतात योक्काइचीला बान्को म्हणून दुसरं घराणं आहे, तिथल्या जांभळट किटल्या याच तोडीच्या.

आता इथे माझं आणि दुकानदारांचं जमत नाही. ते हमखास सांगतात की मातीतलं लोह चहाचा कडूपणा ओढून घेतं आणि चव गोल होते. असेल, थोडंफार. पण पाण्याचं तापमान दहा अंशांनी इकडचं तिकडे केलं तर चवीत जो फरक पडतो त्यापुढे हा फरक माझ्या जिभेला किरकोळ वाटतो. सेन्चाला सत्तर ते ऐंशी अंशांचं पाणी आणि साधारण एक मिनिट. ग्योकुरो, म्हणजे झुडपांवर सावली धरून वाढवलेला चहा, त्याला पन्नास-साठ अंश आणि दोन मिनिटं. उकळतं पाणी ओतलंत तर तुरट-कडू द्रव्यं भसाभस उतरतात, कोमट पाण्यात ती मागे राहतात आणि गोडसर चव पुढे येते. थर्मामीटर नको, उकळलेलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं की दरवेळी साधारण दहा अंश उतरतं. आणि तीन पेले असतील तर एक-दोन-तीन, मग उलट तीन-दोन-एक असं थोडं थोडं ओतायचं, शेवटच्या थेंबापर्यंत, कारण शेवटचं सगळ्यात दाट असतं आणि आत पाणी राहिलं तर दुसऱ्या वेळचा चहा वाया. तिथे चांगली तोटी आणि चांगली जाळी काय ते कळतं. मला लोहापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं.

या कामाला सरकारी मान मिळाला तो १९९८ मध्ये, यामादा जोझान हे घराण्यातलं नाव लावणारे तिसरे कुंभार, त्यांना तोकोनामेच्या क्यूसूसाठी जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून मान्यता दिली, २००५ मध्ये ते गेले. पण मान मिळेपर्यंत घराघरातून किटली निघायला लागली होती. १९८५ ला कॅनमधला ग्रीन टी आला, १९९० ला प्लास्टिकच्या बाटलीत आला, मशीनमधून घ्या आणि चालायला लागा. त्याला नावं ठेवायचं कारण नाही, उन्हाळ्यात मीही पिते.

एक प्रश्न आलाय, घ्यायची तर कोणती. रोजचा चहा जास्त वाफवलेल्या प्रकारचा, फुकामुशी, असेल तर त्यात चुरा फार असतो, मातीची जाळी तुंबते, तिथे स्टीलची जाळी असलेली स्वस्त किटली घ्या, लाज वाटून घेऊ नका. अख्ख्या पानांचा चहा असेल तर मातीची जाळी. धुताना साबण नको, नुसतं पाणी, आणि झाकण काढून वाळवा. आणि हो, साध्या किटल्यांच्या तोटीला प्लास्टिकची पारदर्शक नळी लावून येते, लोकांना वाटतं थेंब गळू नये म्हणून आहे, तर ती फक्त वाहतुकीत टोक तुटू नये म्हणून असते, घरी आणल्यावर काढून टाका, तिच्याखाली मळ साचतो, बुरशी धरते.

मागून कोणीतरी विचारतंय, डावखुऱ्यांचं काय. नेहमीची क्यूसू उजव्या हाताचीच, डाव्या हाताने धरली तर नीट ओतता येत नाही. दांडी दुसऱ्या बाजूला लावलेल्या किटल्या बनतात, पण शोधाव्या लागतात, कुंभाराला सांगून करूनही घेता येते. नाहीतर होहिन घ्या, तिला दांडीच नसते, वरून बोटांनी धरायची, कुठल्याही हाताने. फक्त त्यात कोमट पाण्याचाच चहा करा, ग्योकुरो वगैरे, नाहीतर बोटं भाजतील.