अर्ज भरला, पण घरी सांगितले का?

श्रोतेहो, नमस्कार.

वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकविण्यात माझी तीस वर्षे गेली, आणि या काळात देहदानाचा अर्ज भरायला आलेली पुष्कळ माणसे मी पाहिली. बहुतेक जण साठी उलटलेले असत. आधार कार्डाची प्रत आणि फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घालून आणलेले असत, आणि अर्ज दिल्यावर एखादे मोठे काम हातावेगळे झाल्याचे समाधान चेहऱ्यावर दिसे. मात्र त्यांच्यापैकी कितीतरी जणांचे देह आमच्या विभागापर्यंत कधी पोहोचलेच नाहीत. ते का पोहोचले नाहीत, याविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे.

एके दिवशी दुपारी चाळिशीतले एक गृहस्थ माझ्या खोलीत आले आणि त्यांनी एक लहानसे कार्ड टेबलावर ठेवले. ते आमच्याच विभागाने अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांना दिलेले होते. वडील जाऊन तेरा दिवस झाले होते, आणि बँकेची पासबुके शोधताना कपाटातल्या कप्प्यात हे कार्ड सापडले होते. "आता काय करू?" एवढेच त्यांनी विचारले. करण्यासारखे काहीच उरले नव्हते. अर्जावर साक्षीदार म्हणून सही करणारे दोघेही वडिलांचे मित्र होते, आणि ते दोघेही वडिलांच्या आधीच गेले होते.

आपला देह आपल्या मालकीचा आहे, असे आपण आयुष्यभर धरून चालतो. परंतु शेवटचा श्वास संपताच तो नातेवाइकांच्या ताब्यात जातो. आपण भरलेला अर्ज म्हणजे आपली इच्छा. ती पार पाडणे किंवा न पाडणे सर्वस्वी घरच्यांच्या हाती असते, आणि घरच्यांनी नको म्हटले तर देह मागायला कोणतेही महाविद्यालय दारात उभे राहत नाही, तसे राहूही नये. काही जण ही इच्छा मृत्युपत्रात लिहून ठेवतात. पण मृत्युपत्र आपल्याकडे दिवसकार्य उरकल्यावर उघडले जाते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

मोठ्या माणसांचेही याहून वेगळे होत नाही. आपल्या मृत्यूनंतर कोणतेही धार्मिक विधी करू नयेत, असे पंडित नेहरूंनी 1954 साली स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले होते. रक्षेचा थोडा भाग गंगेत सोडावा आणि उरलेली विमानातून देशाच्या शेतांवर विखुरावी, हीसुद्धा त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली. पण 1964 मध्ये त्यांचे दहन झाले ते मंत्रोच्चारातच. पुढे दोनच वर्षांनी स्वातंत्र्यवीर सावरकर गेले. खांद्यावरून न नेता यंत्रवाहनातून न्यावे आणि विद्युतदाहिनीत दहन करावे, असे त्यांनी सांगून ठेवले होते, आणि मुंबईत तसेच झाले. मूळचे मराठवाड्यातले समाजसेवक नानाजी देशमुख 2010 साली चित्रकूटला वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दिल्लीच्या एम्स रुग्णालयाला देण्यात आला. भोवतालच्या माणसांना ती इच्छा पक्की ठाऊक असल्याशिवाय एवढा प्रवास कोण घडवून आणील?

आता थोडे व्यवहाराचे. अवयवदान, नेत्रदान आणि देहदान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत सुशिक्षितही करतात. मृत्यूनंतर हृदय, यकृत यांसारखे अवयव मुख्यतः रुग्णालयात मेंदूमृत, म्हणजे मेंदूचे कार्य कायमचे थांबलेली, म्हणून घोषित झालेल्या व्यक्तीकडूनच घेता येतात, आणि त्यासाठी चार डॉक्टरांच्या मंडळाला किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते. डोळे मात्र घरी मृत्यू आला तरी देता येतात. ते साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके उशीने थोडे उंच करावे. नेत्रदान केलेला देह महाविद्यालये घेतात, परंतु अवयव काढलेला देह सहसा घेत नाहीत. अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यूनंतर ज्याची पोलिसांमार्फत उत्तरीय तपासणी झाली आहे, तो देहही घेतला जात नाही. कारण एकदा उघडलेल्या देहात रक्तवाहिन्यांतून फॉर्मालिन हे देह टिकविणारे रसायन नीट भरता येत नाही. 'शवविच्छेदन' हा एकच शब्द आपण उत्तरीय तपासणीसाठीही वापरतो आणि विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठीही, त्यामुळे लोकांचा घोटाळा होतो तो उगाच नव्हे. एच.आय.व्ही., कावीळ ब यांसारखा संसर्ग असेल तरी देह नाकारला जातो. अशा वेळी घरच्यांना अपमान झाल्यासारखे वाटते, म्हणून हे आधीच माहीत असावे.

खरी अडचण येते ती रात्री दोन वाजता, घरी मृत्यू झाल्यावर. मृत्यूचे कारण लिहिलेला डॉक्टरांचा दाखला नसेल तर देह स्वीकारता येत नाही, आणि ज्यांनी रुग्णाला कधी तपासलेलेच नाही असे डॉक्टर तो देत नाहीत. म्हणून वृद्धांनी नेहमीचा एक डॉक्टर धरून ठेवावा आणि त्यालाही आपली इच्छा सांगावी. अर्जावरची एक सही तरी मुलाची, मुलीची किंवा सुनेची असावी.

राहिला प्रश्न क्रियाकर्माचा. अग्नी नाही, अस्थी नाहीत, मग पुढचे कसे करायचे, असे घरातली मोठी माणसे विचारतात, आणि ती शंका हसण्यावारी नेणे मला कधीच रुचले नाही. ज्याचा देह हाती लागत नाही त्याच्यासाठी दर्भाची किंवा पळसाच्या पानांची प्रतिमा करून दहन करण्याचा पालाशविधी आपल्याकडे पूर्वापार आहे. ज्यांना तो करायचा आहे त्यांनी करावा. देहदानाला त्याने बाधा येत नाही.

माझा स्वतःचा अर्ज मी निवृत्त झाल्यावर भरला. देहदानाची शिफारस जन्मभर दुसऱ्यांना करूनही घरी विषय काढायला मला दोन महिने लागले. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्याच विद्यार्थ्यांपुढे नको." मग शेजारच्या जिल्ह्यातले महाविद्यालय ठरले. पत्नीने फक्त एक अट घातली: गाडी येण्यापूर्वी देह तासभर घरात राहील, ती तुळशीपत्र ठेवील, आणि त्या तासात कोणीही कागदपत्रांची घाई करणार नाही. ती अट मी माझ्या हाताने कार्डामागे लिहिली आहे. कार्ड कपाटात ठेवलेले नाही. ते स्वयंपाकघरात, दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरशेजारी टाचणीने लावलेले आहे.

नमस्कार.