आसनगाव ते नासू

(दृश्य: ठाणे स्टेशन, सकाळची कसारा लोकल. खांद्याला पिशवी अडकवलेली एक तरुणी चढते.)

ठाण्याहून कसारा लोकल धरायची, आसनगावला उतरायचं आणि पुढे टमटमने शहापूर तालुक्यातले कातकरी पाडे गाठायचे. कोपरीत राहणारी ही ताई आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वतीने त्या पाड्यांवर काम करते. बायकांचे बचत गट, मुलांचा अभ्यास, परसबागा. मंडळीत लहानथोर सगळे तिला ताई म्हणतात. आपणही ताईच म्हणू या.

या कामासाठीच मंडळीने तिला जपानला पाठवलं. टोकियोच्या उत्तरेला, तोचिगी प्रांतात, नासूच्या पठारावर नासुशिओबारा हे शहर आहे. तोशिहिरो ताकामी या जपानी पाळकांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूंनी, 1973 साली तिथे एशियन रूरल इन्स्टिट्यूट उभी केली. आशिया, आफ्रिका आणि पॅसिफिक बेटांवरच्या खेड्यांत काम करणारी माणसं इथे एकत्र राहून शेती करतात, त्यातूनच नेतृत्व शिकतात. एप्रिल ते डिसेंबर, नऊ महिने. संस्था ख्रिस्ती आहे, तरी इतर धर्मांची माणसंही येतात. ‘एकत्र जगता यावं म्हणून’ हे तिचं ब्रीद. ताकामींना 1996 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

(दृश्य: ताईच्या मोबाइलमधलं चित्रण. धुकं, गमबूटांची रांग, वाफाळणारा खताचा ढीग.)

एप्रिलमध्ये ठाण्यात अंगाची काहिली होते, नासूत त्याच महिन्यात पहाटे दात वाजतात. ताई कानटोपी घालून कामाला जायची. पण थंडीची सवय लवकर झाली. चिकट भात आणि मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सूपही अंगवळणी पडलं. घाना, कॅमेरून, म्यानमार, इंडोनेशिया, जिकडची तिकडची माणसं एका टेबलावर. त्यांतली कितीतरी हाताने जेवणारी, त्यामुळे तिथे परकं वाटलं नाही. स्वयंपाकाची पाळी आली तेव्हा घरून नेलेल्या बेसनाचं पिठलं केलं. पातेलं चाटूनपुसून गेलं.

अवघड गेलं ते वेगळंच. ताई तरुण संघाची सचिव. उपासनेत सूत्रसंचालन तिचं, माइक तिच्या हातात, कार्यक्रमाच्या याद्या तिच्या वहीत. तिथे तिच्या वाट्याला आलं डुकरांचं खुराडं. रोज झाडायचं, धुवायचं, खाणं घालायचं. शिकवणारेही तिच्याच शेजारी गुडघे टेकून तण उपटत. सेवक होऊन पुढारी व्हायचं, हे आपण, येशू शिष्यांचे पाय धुतो त्या योहानाच्या तेराव्या अध्यायावरच्या प्रवचनात, लहानपणापासून ऐकतो. दर सकाळी हातात फावडं घेताना मात्र त्याचं वजन कळतं. ताई म्हणते, पहिले काही आठवडे तिला कुणी पाहुणीसारखं वागवत नाही याचाच राग यायचा.

तो राग कसा गेला, हे ती बोकाशीवरून सांगते. बोकाशी म्हणजे आंबवलेलं खत. भाताचा कोंडा, कोंबडीची विष्ठा, माती, तुसाचा कोळसा आणि बेताचं पाणी. मूठ आवळली तर गोळा व्हावा, बोटाने टोचला की फुटावा, इतकीच ओल. दुसऱ्यातिसऱ्या दिवशी ढीग तापतो, आत हात घातला तर पटकन मागे घ्यावा लागतो. मग रोज फावड्याने खालीवर करायचा. जमून आला की आंबोळीच्या पिठासारखा आंबूस वास येतो. हा वास ताईला बरोबर ओळखता यायला लागला आणि कॅमेरूनहून आलेले एक वयस्क दादा आपला ढीग दाखवायला तिला बोलावू लागले. ‘तुझं नाक काय म्हणतं?’ त्या दिवसापासून आपण इथल्या झालो, असं ती म्हणते.

मे महिन्यात भातलावणी आली. तिथे रोपं खोक्यांत वाढवतात. आपल्याकडे शेण, पाला, फांद्या पसरून राब भाजतात आणि त्या राखेत भात पेरून आवण तयार करतात. राबाबद्दल सांगताना ताईला पाड्यावरच्या म्हातारीचे शब्द आठवत गेले. आपल्या गावाचं शहाणपण परक्या वर्गात फळ्यावर मांडताना ताठ मानेने उभं राहता येतं, हे तिने तिथे अनुभवलं.

नासूचं पठार पूर्वी पाण्यावाचून ओसाड होतं. 1885 साली तिथे मोठा कालवा काढला, मग शेती पसरली. हे ऐकलं त्या रात्री ताईला झोप लागली नाही. तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. त्यांचं पाणी मुंबईच्या नळांना जातं, आणि एप्रिल-मे आला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघतात. सकाळच्या प्रार्थनेत बोलायची तिची पाळी आली तेव्हा तिने, येशूने विहिरीवर जिच्याकडे पाणी मागितलं त्या शोमरोनी बाईची बायबलमधली गोष्ट घेतली आणि पाड्यावरच्या हंड्यांची रांग सांगितली. इंग्रजी अडखळत होतं. शेवटची प्रार्थना तिने मराठीतच केली.

(दृश्य: शहापूर. ताई बायकांबरोबर खताचा ढीग खालीवर करते आहे.)

ताई परत आली तेव्हा मंडळीने हार घातला, साक्ष द्यायला, म्हणजे अनुभव सांगायला, सांगितलं, फोटो पाहिले आणि पुन्हा तिच्या हातात माइक दिला. खताबद्दल कुणी विचारलं नाही. नासूत रुळण्यापेक्षा ठाण्यात पुन्हा रुळणं तिला जड गेलं, आणि यात दोष तिचा नाही असं आम्हांला मनापासून वाटतं.

या संस्थेत एकट्याने अर्ज करून जाता येत नाही. माणूस जिथे काम करतो त्या संस्थेने किंवा मंडळीने त्याला पाठवावं लागतं, आणि शिकून त्याने तिथेच परतायचं असतं. म्हणून मंडळीच्या पाळकांना आणि पंचांना आमची विनंती आहे. यंदा कुणाला पाठवत असाल, तर तो परतल्यावर कोणत्या पाड्यावर, कुणाच्या बरोबर, कोणत्या पैशांत काम करणार, हे त्याच्या तिकिटाआधी बैठकीत ठरवा आणि इतिवृत्तात लिहून ठेवा.