बिनबोभाट दोन टक्के

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. दोन पे स्टब, म्हणजे पगाराच्या चिठ्ठ्या, शेजारी शेजारी. एक बोट ओळींवरून खाली सरकत येतं.]

डावीकडचा कागद डिसेंबरचा. उजवीकडचा ११ जानेवारी २०१३ चा. पंधरवड्याचा पगार दोन्हीकडे तोच, १,३८४ डॉलर ६२ सेंट. मेडिकेअरची, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याची, कपात तीच, २० डॉलर ८ सेंट. बोट थांबलंय त्या ओळीवर लिहिलंय ‘ओएएसडीआय’. सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे म्हातारपणीच्या पेन्शनसाठी होणाऱ्या कपातीचं, हे कागदोपत्री नाव. डिसेंबरात कपात ५८.१५. जानेवारीत ८५.८५.

सत्तावीस डॉलर सत्तर सेंट.

“मला वाटलं, कुणीतरी चुकीचा आकडा टाकला,” वहिनी म्हणतात. “पेरोलला, पगार काढणाऱ्या ऑफिसला, फोन केला. ती म्हणाली, चूक नाही, सगळ्यांचेच कापलेत. सकाळपासून फोन करणारी मी विसावी.”

[दृश्य: एडिसन, न्यू जर्सी. बर्फ साचलेली गल्ली. एका छपरावर अजून निळी ताडपत्री.]

ती ताडपत्री ऑक्टोबरातल्या सँडी वादळाची. हे घर बचावलं. नवरा, बायको, दोन मुलं. दोघांचा मिळून वर्षाचा पगार ९० हजार डॉलर. वहिनींचे ३६, भाऊंचे ५४. भाऊंच्या ऑफिसात कॅमेरा न्यायला परवानगी मिळाली नाही, त्यामुळे ते या फिल्ममध्ये संध्याकाळनंतरच दिसतात, बहुतेक वेळा चहाच्या कपामागे.

[दृश्य: श्रीखंडाचा रिकामा डबा. आत लिफाफे. एकेकावर मराठीत नावं.]

हा डबा कॅमेऱ्याला फार आवडला, हे कबूल करतो. ‘गॅस’, म्हणजे गाडीचं पेट्रोल. ‘वाणसामान.’ ‘क्लास.’ ‘इंडिया.’ पगार थेट बँकेत जमा होतो. पण वहिनी दर दुसऱ्या शुक्रवारी नोटा काढून आणतात आणि इथे वाटून ठेवतात. ‘क्लास’ हे पाकीट नवं, २०११ च्या उन्हाळ्यातलं. थोरलीचं कथक तेव्हा सुरू झालं. “तेव्हा जरा हात मोकळा वाटायला लागला होता,” त्या म्हणतात. का मोकळा वाटायला लागला, हे विचारल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहतात. मग हसतात. “खरं सांगू? मला वाटलं, मी काटकसर करायला शिकले.”

[दृश्य: पेरोल ऑफिस. दोन मॉनिटर. टंकणारे हात. चेहरा दिसत नाही.]

हात मोकळा होण्याचं कारण या खोलीत सापडतं. आसपासच्या लहान कंपन्यांचे पगार काढून देणारं हे ऑफिस आहे, आणि इथल्या बाई बावीस वर्षं हेच काम करतात. त्या स्क्रीनवर एक चौकट उघडून दाखवतात. सोशल सिक्युरिटी, नोकरदाराचा वाटा. आत्ता तिथे ६.२ आहे. १९९० पासून तिथे ६.२ च होतं. एकवीस वर्षं या चौकटीला हात लावावा लागला नाही. डिसेंबर २०१० मध्ये लागला.

१७ डिसेंबर २०१० ला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी कायद्यावर सही केली: २०११ या एका वर्षापुरता नोकरदाराचा वाटा ६.२ वरून ४.२ टक्के. मंदीतून बाहेर पडायचं तर लोकांच्या हातात पैसा हवा, हा त्यामागचा विचार. मालकाचा वाटा ६.२ च राहिला. सोशल सिक्युरिटीच्या निधीत जी तूट येणार होती, ती सरकारनं आपल्या सर्वसाधारण तिजोरीतून भरून दिली. थोडक्यात, म्हातारपणीच्या पेन्शनला धक्का नाही आणि आजच्या पगारात दोन टक्के जास्त.

हे पैसे कसे हातात पडले, ते नीट पाहण्यासारखं आहे. २००८ मध्ये सरकारनं अशीच मदत केली होती, तेव्हा एकरकमी पैसे आले. एकट्या माणसाला ६०० डॉलरपर्यंत, जोडप्याला १,२०० पर्यंत. त्याची बातमी झाली. घराघरात बोलणं झालं. पण एकरकमी आलेला पैसा लोक बाजूला टाकतात, पगारातून थेंबथेंब आला तर खर्च करतात, असा अर्थतज्ज्ञांचा होरा होता. म्हणून २०११ चे पैसे पगारात मिसळून आले. बिनबोभाट.

[दृश्य: २०११ चा पे स्टब. कॅमेरा वरून खाली, सावकाश.]

२०११ चा हा स्टब वहिनींनी माळ्यावरच्या खोक्यातून शोधून काढला. आम्ही त्यावर पूर्ण चाळीस सेकंद कॅमेरा ठेवलाय, जाणूनबुजून. ‘तात्पुरती सवलत’ हे शब्द यात कुठे दिसतात का बघा. ‘अमुक तारखेपर्यंत’ असं काही? कपातीचा आकडा तेवढा लहान झालाय. दरसुद्धा छापलेला नाही.

पेरोलच्या बाईंना विचारलं, की एक ओळ वेगळी छापायला काय लागलं असतं? ‘तात्पुरती कर सवलत, २७.६९, संपण्याची तारीख अमुक.’ त्या खांदे उडवतात. “सांगितलं असतं तर छापली असती. कुणी सांगितलंच नाही.”

[दृश्य: त्याच ऑफिसातली भिंत. जुन्या परिपत्रकांची फाइल. पानं उलटणारे हात.]

आणि ती तारीख तरी कुठे ठाम होती? या फाइलमधला डिसेंबर २०११ चा भाग सगळ्यात जाड. सवलत वर्षअखेरीस संपणार होती. वॉशिंग्टनमध्ये रस्सीखेच चालली होती. त्या दिवसांत व्हाइट हाउसनं लोकांना एक प्रश्न विचारला: तुमच्या पगारातून दर वेळी ४० डॉलर गेले, तर तुमच्या घरात काय बंद होईल? वर्षाला ५० हजार कमावणाऱ्याचं दोन टक्क्यांचं नुकसान एक हजार डॉलर, म्हणजे पंधरवड्याला चाळीसेक. लोकांनी भरभरून लिहिलं. औषधं, गॅस, मुलांचं दूध.

२३ डिसेंबरला सही झाली. पण मुदतवाढ फक्त दोन महिन्यांची. २९ फेब्रुवारी २०१२ पर्यंत.

दोन महिने म्हटल्यावर पेरोलच्या बाई अजून वैतागतात. कारण कायद्यात एक पाचर मारलेली होती: त्या दोन महिन्यांत ज्याचा पगार १८,३५० डॉलरच्या वर जाईल, त्याच्याकडून वरच्या रकमेवरचे दोन टक्के नंतर परत वसूल करायचे. ज्या पगारापर्यंत ही कपात होते त्याची वर्षाची कमाल मर्यादा १,१०,१०० डॉलर, भागिले सहा, म्हणून १८,३५०. जानेवारीत ज्यांना बोनस मिळतो त्यांचा हिशेब वेगळा ठेवा, असं सगळ्या सॉफ्टवेअरवाल्यांना ऐन नाताळात सांगितलं गेलं. तो हिशेब बसवून होतोय तोवर २२ फेब्रुवारीला नवा कायदा आला. सवलत आता २०१२ संपेपर्यंत, आणि ती वसुली रद्द.

“म्हणजे केलेलं सगळं पाण्यात,” बाई म्हणतात. फाइल बंद होते.

[दृश्य: रात्रीचा रस्ता. एका खिडकीत टीव्हीचा निळा उजेड.]

३१ डिसेंबर २०१२. टीव्हीवर ‘फिस्कल क्लिफ’, म्हणजे वर्ष संपताच एकदम लागू होणारी करवाढ आणि खर्चकपात. मध्यरात्र उलटून पहाटे दोनच्या सुमारास सिनेटनं ८९ विरुद्ध ८ मतांनी विधेयक मंजूर केलं. १ जानेवारीच्या रात्री प्रतिनिधिगृहानं २५७ विरुद्ध १६७. चर्चा कशाची? एकट्यानं ४ लाख आणि जोडप्यानं साडेचार लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांच्या ३९.६ टक्के आयकराची. मध्यमवर्गाचा आयकर वाढला नाही, हे तासातासाला सांगितलं जात होतं, आणि ते खोटं नव्हतं. आयकर नव्हताच वाढला. दोन टक्के दुसऱ्या दारानं गेले. सवलत वाढवायला एकही पक्ष हट्टाला पेटला नाही. वर्षापूर्वी ज्यांनी ४० डॉलरचं काय कराल असं विचारलं, त्यांनी या डिसेंबरात तो प्रश्न विचारला नाही. सुमारे १६ कोटी नोकरदारांना उत्तर पे स्टबवर मिळालं.

[दृश्य: पुन्हा स्वयंपाकघर. संध्याकाळ. भाऊ, चहा, कॅल्क्युलेटर.]

वहिनींचा अजून एक मुद्दा आहे, आणि मला तो पटतो. ११ जानेवारीच्या पगारात बहुतेक दिवस डिसेंबरचे होते. काम जुन्या दराचं, कपात नव्या दराची? नियम असा की दर पगार हाती पडण्याच्या तारखेचा. काम कधी केलं ते कुणी बघत नाही.

भाऊंकडे वेगळाच प्रकार. त्यांच्या ११ तारखेच्या पगारात काहीच फरक नव्हता. “मी हिला म्हणालो, तुझ्याच कंपनीचा घोळ असणार.” मग २५ जानेवारी. ओएएसडीआयच्या ओळीत थेट १७०.३१. डिसेंबरात ८७.२३ असायचे.

झालं असं, की कायदाच नव्या वर्षात पास झाला. आयआरएसनं, म्हणजे अमेरिकेच्या करखात्यानं, कंपन्यांना नवे दर लावायला १५ फेब्रुवारीपर्यंत वेळ दिला, आणि मधल्या काळात कमी कापलेलं ३१ मार्चच्या आत वळतं करून घ्यायला सांगितलं. भाऊंच्या कंपनीनं एका फटक्यात वळतं केलं. नव्या दराचे १२८.७७, अधिक मागचे राहिलेले ४१.५४.

घराचा हिशेब आता सरळ. वहिनींचे २७.६९ आणि भाऊंचे ४१.५४. पंधरवड्याला ६९ डॉलर २३ सेंट. वर्षाला अठराशे.

[दृश्य: कूपनं कापणारी कात्री. गॅस स्टेशन, अटेंडंट नळी लावतोय. आकडे पळतायत.]

फेब्रुवारीत गॅस रोज चढत होता. न्यू जर्सीत स्वतःच्या हातानं गॅस भरायला बंदी आहे, त्यामुळे इथे माणूस गाडीत बसून नुसते आकडे बघतो. कूपनं, एक गाडी घरी ठेवणं, केबल तोडणं, सगळं झालं. त्यातून पंधरवड्याला तीसेक डॉलर निघाले.

[दृश्य: एक फॉर्म. डब्ल्यू-४. पेन्सिल.]

बाकीचे शोधायला दोन रात्री गेल्या. पहिल्या रात्री वहिनींनी ४०१-के थांबवायचा विषय काढला. निवृत्तीसाठीचे ते पैसे पगारातून जातात, बंद केले की हातात जास्त. पण वहिनी घालतात त्या प्रत्येक डॉलरवर त्यांची कंपनी अर्धा डॉलर घालते, तोही गेला असता. पेरोलच्या बाई याला ‘स्वतःचा पगार स्वतःच कापणं’ म्हणतात. विषय तिथेच मिटला, बरं झालं.

दुसऱ्या रात्री भाऊंनी हा फॉर्म बाहेर काढला. आयकर किती कापायचा हे कंपनीला यावरून कळतं. तेव्हा (२०१९ पर्यंत) यावर जितके ‘अलाउन्स’, म्हणजे कर न लागणारे ठरावीक वाटे, मांडाल तितकी कपात कमी व्हायची. या घरात दर वर्षी दोनेक हजारांचा रिफंड येतो, म्हणजे वर्षभर सरकारकडे बिनव्याजी पडलेला आपलाच पैसा. २०१३ साठी एका अलाउन्सची किंमत ३,९०० डॉलर. भागिले २६ पगार, दीडशे. हे घर १५ टक्क्यांच्या टप्प्यात बसतं, म्हणजे एका अलाउन्समागे पगारात साडेबावीस डॉलर सुटतात.

[दृश्य: पेन्सिल २ हा आकडा खोडते. ५ लिहिते.]

तीन अलाउन्स वाढवले. ६७ डॉलर ५० सेंट.

हे शॉट घेताना खोलीत कुणी बोलत नव्हतं. भाऊंनी आकडा दोनदा केला. गेले ६९.२३, आले ६७.५०. फरक १ डॉलर ७३ सेंट.

हे सगळ्यांना जमण्यासारखं नाही. ज्यांना रिफंड येत नाही, त्यांनी हे केलं तर एप्रिलमध्ये उलट पैसे भरावे लागतील. स्वतःचा धंदा असलेल्यांचा दर १०.४ वरून पुन्हा १२.४ झाला. आणि वर्षाला वीस हजारांच्या आत कमावणाऱ्यांचं गणित आधीपासूनच तोट्याचं होतं: २०१० पर्यंत त्यांना ४०० डॉलरपर्यंत वेगळी करसूट मिळायची, ती बंद करून हे दोन टक्के आले होते, आणि त्यांच्या पगाराचे दोन टक्के चारशेही होत नाहीत. असं एक घर आम्हाला भेटलं. कॅमेरा नको म्हणाले.

[दृश्य: श्रीखंडाचा डबा. पाकिटं पुन्हा लावली जातायत. ‘क्लास’ पाकीट रिकामं, घडी घालून मागे सरकवलेलं.]

डब्ल्यू-४ चा फरक पगारात दिसायच्या आधीच फेब्रुवारीची फी द्यायची होती. कथक बंद झालं.

[दृश्य: जिन्याच्या कठड्याला अडकवलेले घुंगरू. थांबा. सात सेकंद, निवेदन नाही.]

[दृश्य: २२ फेब्रुवारीचा स्टब. फ्रीजवर चुंबकानं लावलेला.]

नवा स्टब. आयकर ६७.५० नं कमी. दोघांची मिळून हातात आलेली रक्कम डिसेंबरच्या जवळपास. वहिनींनी यावर शाईच्या पेनानं एक ओळ लिहिली आहे, कंपनीनं छापलेली नाही ती: ‘हे रिफंडचे आहेत.’

‘इंडिया’ पाकिटात दर वर्षी रिफंड जातो. २०१२ चा अजून यायचाय. आयआरएसनं यंदा रिटर्न घ्यायलाच ३० जानेवारीला सुरुवात केली, नव्या कायद्यामुळे सगळं आठवडाभर पुढे गेलं. तो आला की मे महिन्याची तिकिटं निघतील. पुढच्या वर्षीचा रिफंड मात्र जेमतेम असेल.

[दृश्य: भिंतीवरचं कालनिर्णय. वहिनी पेन घेऊन उभ्या.]

“पुढच्या एप्रिलला कमी येणार, हे लिहून ठेवते, नाहीतर मागच्यासारखं विसरायला होईल.” त्या पानं उलटतात. मार्च, एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर. कॅलेंडर २०१३ चं आहे. त्या पेन हातात धरून क्षणभर थांबतात आणि विचारतात, “कुठे लिहू?”